इंजिनीअरिंग की भौतिकशास्त्र? होमी भाभांनी आपली वाट कशी निवडली

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला भौतिकशास्त्र आवडतं. आईवडिलांना वाटतं, आधी इंजिनीअरिंग कर, नोकरीचं बघ, मग आवडेल ते कर. बी. एस्सी. करून पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर घरात कोणाकडेच नसतं. आणि समजा भौतिकशास्त्र घेतलंच, तरी पुढचे प्रश्न संपत नाहीत. सैद्धांतिक की प्रायोगिक? अणुकेंद्र, खगोल की घन पदार्थ? परदेशी जायचं की इथंच राहायचं?

जवळपास शंभर वर्षांपूर्वी, १९२८ साली, हीच चर्चा पत्रांतून चालू होती. पत्रं केंब्रिजहून मुंबईला आणि मुंबईहून केंब्रिजला जात होती. मुलाचं वय होतं १८ वर्षं. त्याला इंजिनीअरिंग सोडून भौतिकशास्त्र शिकायचं होतं आणि वडील तयार नव्हते. मुलाचं नाव होमी जहांगीर भाभा.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून भाभांना सगळे ओळखतात. पण त्यांच्या आयुष्यात निदान चार वेळा असा प्रसंग आला, जिथं दोन रस्ते समोर होते आणि एकच निवडायचा होता. आज आपण त्या चार निवडींबद्दल जाणून घेऊ.

घरचा बेत आधीच ठरला होता

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकलेले वकील होते आणि टाटा उद्योगसमूहाशी त्यांचा जवळचा संबंध होता. होमींची आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव हे होमींच्या आत्याचे यजमान.

घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्ड्स होत्या. होमी चित्रं काढायचे, संगीत ऐकायचे आणि विज्ञानाची पुस्तकं वाचायचे. शाळा कॅथेड्रल अँड जॉन कॉनन. शाळा संपली तेव्हा परदेशी पाठवण्याइतकं वय झालं नव्हतं, म्हणून काही काळ एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथं शिक्षण झालं.

१९२७ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज या कॉलेजात दाखल झाले. दोराबजी टाटाही याच कॉलेजात शिकले होते. बेत साधा होता. होमींनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घ्यायची, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम सुरू करायचं. देशातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना, त्यात नात्याचा आधार. त्या काळात कोणत्याही भारतीय तरुणाला यापेक्षा सुरक्षित भवितव्य मिळणं अवघड होतं.

पहिली निवड: पोलाद की भौतिकशास्त्र?

पण केंब्रिजमधलं वातावरण वेगळंच होतं. तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड होते, ज्यांनी अणूच्या आत केंद्रक असतं हे दाखवलं. पॉल डिरॅक नावाचा तिशीही न गाठलेला तरुण पुंजयामिकीची नवी मांडणी करत होता. युरोपात दर काही महिन्यांनी भौतिकशास्त्राची एखादी जुनी समजूत मोडून पडत होती. आणि होमी मात्र यंत्रांचे आराखडे काढायला शिकत होते.

१९२८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. धंदा किंवा इंजिनीअरची नोकरी आपल्या स्वभावात बसत नाही, असं त्यांनी कळवलं. आपलं क्षेत्र भौतिकशास्त्र आहे आणि तिथं आपण काहीतरी मोठं करून दाखवू, याची आपल्याला खात्री आहे, असंही लिहिलं. ज्याला ज्या कामाची मनापासून ओढ आहे, त्यातच तो उत्तम काम करू शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. बेथोव्हेनला कोणी शास्त्रज्ञ व्हायला सांगून उपयोग नाही, अशा अर्थाचं उदाहरणही त्यांनी दिलं.

वडिलांची काळजी खोटी नव्हती. त्या काळी भारतात भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला नोकऱ्या किती होत्या? सी. व्ही. रामन यांचंच उदाहरण पाहा. मद्रासला एम. ए. करून ते पहिले आले, पण विज्ञानात करिअर करण्याची सोयच नव्हती. म्हणून स्पर्धा परीक्षा देऊन १९०७ साली ते सरकारी अर्थ खात्यात नोकरीला लागले. पुढची दहा वर्षं, मुख्यतः कलकत्त्यात, दिवसा हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग, असं त्यांचं चाललं होतं. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाल्यावर ते कमी पगारावर तिकडे गेले. जहांगीर भाभांना आपल्या मुलाचं असं होऊ नये असं वाटणं स्वाभाविक होतं.

शेवटी वडिलांनी सरळ नकारही दिला नाही आणि सरळ होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. हाती घेतलेला मेकॅनिकलचा अभ्यासक्रम आधी पूर्ण कर आणि त्यात पहिला वर्ग मिळव. मग केंब्रिजलाच राहून गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकण्याचा खर्च मी करेन.

होमींनी अट मान्य केली. १९३० साली मेकॅनिकल सायन्सेस ट्रायपॉस ही पदवी परीक्षा ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ साली गणिताची ट्रायपॉसही पहिल्या वर्गात पूर्ण झाली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भाभांच्या या निर्णयाला घरच्या पैशांचा आधार होता. दोन पदव्या, त्याही केंब्रिजच्या, हे सामान्य घरातल्या मुलाला शक्य नव्हतं. पण पैसे होते म्हणून अट सोपी झाली नाही. मन नसलेल्या विषयात दोन वर्षं राहून पहिला वर्ग मिळवायचा होता आणि तो मिळाला नसता, तर जमशेदपूरची गाडी ठरलेली होती.

दुसरी निवड: भौतिकशास्त्र, पण त्यातलं कोणतं?

१९३२ हे वर्ष भौतिकशास्त्राच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. तिथंच कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राच्या साहाय्यानं वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडलं. अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभार असलेला कण. असा कण असायला हवा, हे डिरॅक यांच्या समीकरणातून आधीच निघालं होतं.

म्हणजे संशोधन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन मोठी दालनं उघडली होती. एक अणुकेंद्राचं आणि दुसरं कॉस्मिक किरणांचं.

कॉस्मिक किरण, म्हणजेच विश्वकिरण, हे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे अतिशय वेगवान कण असतात. आज प्रचंड ऊर्जेचे कण तयार करायला जिनिव्हाजवळच्या सर्नसारखे महाकाय त्वरक आहेत. १९३०च्या दशकात असे त्वरक नव्हते. खूप जास्त ऊर्जेला निसर्गाचे नियम तसेच राहतात का, हे तपासायचं असेल, तर कॉस्मिक किरण ही एकमेव प्रयोगशाळा होती. तीही फुकट आणि जगात कुठूनही उपलब्ध.

भाभांनी हेच क्षेत्र निवडलं. त्यांचं काम सैद्धांतिक होतं, पण ज्या प्रश्नांचं उत्तर प्रयोगातून पडताळता येईल असेच प्रश्न त्यांनी घेतले. शिष्यवृत्त्या मिळत गेल्यामुळे घरच्या पैशांवरचं अवलंबित्वही कमी झालं. प्रवासासाठी मिळालेल्या एका शिष्यवृत्तीवर त्यांनी झुरिकला वोल्फगांग पाउली यांच्याकडे आणि रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे काम केलं. १९३३ साली त्यांचा पहिला शोधनिबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. विषय होता कॉस्मिक किरणांचं शोषण. १९३५ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

भाभांनी नेमकं काय शोधलं?

भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते. पण वैज्ञानिक म्हणून त्यांचं नाव दोन वेगळ्याच कामांसाठी घेतलं जातं.

पहिलं काम इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीबद्दल आहे. हे दोन कण एकमेकांजवळ आले तर कोणत्या कोनातून, किती प्रमाणात विखुरतील, याचं गणित भाभांनी मांडलं. दोन इलेक्ट्रॉन टकरले तर एक गणित चालतं. पण इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करून पुन्हा निर्माणही होऊ शकतात. हा जादा परिणाम गणितात धरायला हवा, हे भाभांनी दाखवलं. या प्रक्रियेला आज भाभा स्कॅटरिंग म्हणतात. पुढे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर घडवणारी यंत्रं बनली, तेव्हा किती टकरी होत आहेत हे मोजण्यासाठी हीच प्रक्रिया मोजपट्टीसारखी वापरली गेली.

दुसरं काम १९३७ सालचं, वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबरचं. प्रश्न असा होता, की कॉस्मिक किरणांच्या नोंदींमध्ये अचानक कणांचे झुपकेच्या झुपके का दिसतात? भाभा आणि हाइटलर यांचं उत्तर समजायला सोपं आहे. एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला आणि एखाद्या अणुकेंद्राजवळून गेला, की त्याचा वेग कमी होतो आणि तो गॅमा किरण सोडतो. तो गॅमा किरण पुढे दुसऱ्या अणुकेंद्राजवळ गेला, की त्याचं रूपांतर एका इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत होतं. आता ते दोघंही तेच करतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ऊर्जा इतकी कमी होते, की साखळी थांबते. खाली जमिनीवर पोहोचतो तो कणांचा वर्षाव. याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे हेच स्पष्टीकरण दिलं.

याचं महत्त्व काय? त्या वेळी अनेकांना शंका होती, की खूप जास्त ऊर्जेला पुंजसिद्धांत कोलमडतो. या कामामुळे सिद्धांत टिकतो हे दिसलं. शिवाय वर्षावाच्या स्पष्टीकरणात न बसणारे, शिशाच्या जाड थरांतूनही आरपार जाणारे कण काहीतरी वेगळे आहेत, हे स्पष्ट झालं. त्या कणांना आज आपण म्युऑन म्हणतो.

तिसरी निवड: परत जायचं की इथंच राहायचं?

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. वय २९ वर्षं. युरोपात नाव झालेलं, आणि काम मात्र अर्धवट राहिलेलं.

ही निवड त्यांची नव्हती. पण अडकून पडल्यावर काय करायचं, हे त्यांच्या हातात होतं. ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तिथं भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख सी. व्ही. रामन होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं भाभांनी तिथं कॉस्मिक किरणांच्या संशोधनाचं केंद्र सुरू केलं.

आतापर्यंत कागद-पेन्सिलीवर काम करणाऱ्या भाभांनी इथं प्रयोगांकडेही लक्ष वळवलं. त्याला कारण होतं. विद्युतभार असलेल्या कणांवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो आणि तो चुंबकीय विषुववृत्ताजवळ सर्वांत जास्त असतो. बंगळुरू या रेषेपासून फार लांब नाही. म्हणजे केंब्रिजमध्ये जी मोजमापं करता येत नव्हती, ती इथं करता येणार होती. युद्धामुळे भारतात आलेल्या अमेरिकी लष्करी विमानांतून उपकरणं वर पाठवून त्यांनी मोजमापंही केली. इतरांच्या दृष्टीनं जी अडचण होती, त्यातला फायदा त्यांनी शोधला.

१९४१ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच काळात विक्रम साराभाईही बंगळुरूत कॉस्मिक किरणांवर काम करत होते. अलाहाबादहून हरीश-चंद्र नावाचा तरुण भाभांकडे संशोधनाला आला. तो पुढे केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेला, भौतिकशास्त्रात पीएच. डी. केली आणि मग पूर्णपणे गणिताकडे वळला. विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांमध्ये आज हरीश-चंद्र यांचं नाव घेतलं जातं. क्षेत्र बदलण्यासाठी एकदाच संधी मिळते असं नसतं, हे त्यांच्याही उदाहरणातून दिसतं.

युद्ध संपत आलं, तसा प्रश्न पुन्हा उभा राहिला. परत जायचं का? सुरुवातीला भाभांचा विचार परत जाण्याचाच होता. पण भारतातल्या चार-पाच वर्षांत त्यांचं मत बदललं. इथं हुशार विद्यार्थी आहेत, नाही ते चांगल्या संशोधनाला लागणारं वातावरण आणि समजून-उमजून दिलेला पैसा, असं त्यांना दिसलं. त्यांनी जे. आर. डी. टाटांना ही अडचण कळवली. टाटांनी योजना मांडायला सांगितलं.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेचा प्रस्ताव दिला. काही दशकांत अणुऊर्जेपासून वीज बनू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरीच तयार असावेत, असा विचार त्यात मांडलेला होता. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा जवळपास दीड वर्ष बाकी होतं.

ट्रस्टनं होकार दिला, मुंबई सरकारही सहभागी झालं. १ जून १९४५ रोजी बंगळुरूत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजेच टीआयएफआर, सुरू झाली. वर्षअखेर ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगतची आजची इमारत, असा तिचा प्रवास झाला.

चौथी निवड: स्वतःचं संशोधन की संस्था?

ही निवड सर्वांत महागडी ठरली आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुऊर्जा प्रतिष्ठान सुरू झालं. त्याच वर्षी अणुऊर्जा विभाग निर्माण झाला आणि भाभा त्याचे सचिव झाले. १९५५ साली जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिचे ते अध्यक्ष होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली.

अप्सराचं इंधन ब्रिटनकडून आलं. सायरस या पुढच्या अणुभट्टीसाठी कॅनडानं मदत केली. ब्रिटनच्या अणुसंशोधनाचे प्रमुख जॉन कॉक्रॉफ्ट आणि कॅनडाचे डब्ल्यू. बी. लुईस हे दोघंही भाभांचे केंब्रिजच्या काळातले परिचित होते. विद्यार्थीदशेतल्या ओळखी वीस-पंचवीस वर्षांनी अशा कामी आल्या. वडिलांच्या अटीमुळे केलेली इंजिनीअरिंगची पदवीही वाया गेली नाही. कारखाने, इमारती, यंत्रं उभी करणाऱ्या माणसाला त्या शिक्षणाचा उपयोग होणारच.

पण या काळात एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं भौतिकशास्त्र. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांच्या हातून फारसं सैद्धांतिक काम झालं नाही. ज्या विषयासाठी १८ वर्षांच्या मुलानं वडिलांशी वाद घातला, तो विषय चाळिशीनंतर त्यांच्या दिवसातून जवळजवळ नाहीसा झाला. हे योग्य झालं की अयोग्य, याचं एक उत्तर नाही. वेळ मात्र एकाच ठिकाणी देता येतो, हे खरं.

त्याऐवजी त्यांनी माणसं निवडली. आधी चांगला माणूस शोधायचा आणि मग त्याच्याभोवती काम उभं करायचं, ही त्यांची पद्धत होती. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी टीआयएफआरच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी होते. भालचंद्र उदगावकर हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ तिथंच घडले आणि पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. ब्रिस्टलहून एम. जी. के. मेनन आले. १९६१ साली परदेशातल्या काही तरुण भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी रेडिओ खगोलशास्त्राची योजना पाठवली, तेव्हा भाभांनी तारेनं होकार कळवला. त्यांच्यातले गोविंद स्वरूप १९६३ साली परतले. आधी उटीची दुर्बीण आणि नंतर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण, ही त्यांच्या कामाची फळं. ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्र कशाला, असा प्रश्न भाभांना पडला नाही.

१९५७ साली ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विज्ञान आणि इंजिनीअरिंगच्या पदवीधरांना निवडायचं, वर्षभर पगारासारखं विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि थेट कामावर घ्यायचं, अशी ही व्यवस्था. भौतिकशास्त्र शिकून नोकरी कुठं, या प्रश्नाचं एक ठोस उत्तर पहिल्यांदाच तयार झालं. जहांगीर भाभांना १९२८ साली जी काळजी वाटत होती, ती पुढच्या पिढीतल्या काही पालकांची तरी कमी झाली.

सगळ्यांना हे पटलं होतं का?

नाही. मेघनाद साहा यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचा भाभांच्या पद्धतीला विरोध होता. अणुसंशोधन विद्यापीठांमध्ये व्हावं, देशात आधी प्रशिक्षित माणसं आणि उद्योगांचा पाया तयार व्हावा, असं साहांचं मत होतं. त्यांनी कलकत्त्यात स्वतंत्र अणुभौतिकी संस्था उभी केली. मोठ्या संस्थांकडे पैसा आणि माणसं गेली आणि विद्यापीठं मागे पडली, ही टीका आजही केली जाते.

कोसंबींचंही भाभांशी पटेनासं झालं. भारतासारख्या उन्हाच्या देशात अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असं ते उघडपणे मांडत. १९६२ साली त्यांचा टीआयएफआरमधला करार पुढे वाढवला गेला नाही. चांगली माणसं निवडणाऱ्या संस्थेतही प्रत्येकाला जागा मिळत राहतेच असं नाही.

शेवटचा प्रवास

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लां या आल्प्समधल्या शिखराला धडकलं. विमानातले सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभांचं वय ५६ वर्षं होतं. विमान शिखर ओलांडून पुढे गेलं आहे, असा वैमानिकाचा गैरसमज झाला, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत निघाला. घातपाताच्या चर्चा आजही होतात, पण त्यांना ठोस पुरावा मिळालेला नाही.

त्यांच्यानंतर अणुऊर्जा आयोगाची जबाबदारी विक्रम साराभाईंकडे आली. १९६७ साली ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळालं.

आजच्या विद्यार्थ्यानं यातून काय घ्यावं?

भाभांसारखी आत्या, कॉलेज आणि ट्रस्ट कोणाला मिळणार, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. तो बरोबरही आहे. पण त्यांच्या चार निवडींमधल्या काही गोष्टी पैशांवर अवलंबून नव्हत्या.

पहिली गोष्ट, आवड सांगताना त्यांनी ती सिद्धही केली. वडिलांची अट टाळण्याऐवजी पूर्ण केली. आज एखादा विद्यार्थी आधी इंजिनीअरिंग करून मग भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी. किंवा पीएच. डी.कडे वळत असेल, तर तो उशीर झाला असं समजण्याचं कारण नाही.

दुसरी, विशेष विषय निवडताना त्यांनी दोन प्रश्न एकत्र पाहिले. मला काय आवडतं, हा एक. आणि सध्या कुठले मोठे प्रश्न सुटण्याच्या जवळ आले आहेत, हा दुसरा. नुसत्या आवडीवर किंवा नुसत्या मागणीवर त्यांनी क्षेत्र ठरवलं नाही.

तिसरी, ठिकाण बदललं तेव्हा त्यांनी जुना प्रश्न तसाच पुढे रेटला नाही. बंगळुरूत बसून काय करता येईल जे केंब्रिजमध्ये येत नाही, हे शोधलं. लहान कॉलेजात, कमी साधनांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा प्रश्न स्वतःला विचारता येतो.

आणि चौथी, एकदा केलेली निवड आयुष्यभर पुरत नाही. अठराव्या वर्षी निवडलेला रस्ता त्यांनी तिसाव्या वर्षी वळवला आणि चाळिशीत पुन्हा बदलला. प्रत्येक वेळी काहीतरी हातचं सोडावं लागलं.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टीआयएफआरचाच तो भाग. आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडसाठी भारतीय विद्यार्थ्यांची निवड आणि तयारी तिथं होते. दरवर्षी देशभरातून मुलं-मुली तिथं येतात, भौतिकशास्त्राचे अवघड प्रश्न सोडवतात, प्रयोग करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी इंजिनीअरिंग की भौतिकशास्त्र, ही चर्चा चालूच असेल. घरी ती कशी करायची, यासाठी त्यांना १९२८चा तो पत्रव्यवहार उपयोगी पडेल. मुलानं आपली बाजू स्पष्ट मांडली होती, वडिलांनी आपली काळजी अटीच्या रूपात सांगितली होती आणि दोघांनीही दिलेला शब्द पाळला होता.